समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

अमरावती/अकोला : 'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' दडलेला असला, तरी समुपदेशकाचे काम उपदेश करण्याचे नाही. समोरच्याचे ऐकून घेणे, त्याची अडचण त्याच्याच सोबतीने नेमकी शोधणे आणि तीतून बाहेर पडण्याच्या लहान-लहान पायऱ्या आखणे, हे त्याचे काम. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच असावे लागते काय? अमरावती जिल्ह्यातील काही गावांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३ हजार ७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याचा भर कर्ज, व्याज आणि सिंचनावर होता. मनावरच्या ताणाची दखल घेणारा 'विश्राम' हा उपक्रम नंतर आला.

गावातलाच समुपदेशक

'विश्राम'ची रचना तीन स्तरांची होती. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते मानसिक आजारांची माहिती देत, त्रासलेल्यांना पहिला आधार देत. त्यानंतर प्रशिक्षित समुपदेशक. ते डॉक्टर नव्हते. लोकांची भाषा आणि हंगामाची चिंता जाणणारे स्थानिक होते. गंभीर रुग्ण मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले जात. आपल्या आवाक्याबाहेरचे काय, हे ओळखणे हाही समुपदेशकाच्या प्रशिक्षणाचा भाग असतो.

'द लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नैराश्याचे प्रमाणही १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची गावे नसल्याने या घटीचे सारे श्रेय उपक्रमाला देता येत नाही. तरीही मदत दाराशी आली, की लोक ती घेतात, एवढे यातून दिसते.

उपचार कसा चालतो?

अशा समुपदेशनाची एक पद्धत गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली गेली. नैराश्यात माणूस कामातून, माणसांतून अंग काढून घेतो. त्यामुळे मन अधिक खचते. हे चक्र तोडण्यासाठी समुपदेशक सहा ते आठ भेटींत रुग्णाला पेलतील अशी कामे ठरवून देतो. सकाळी वावरात एक फेरी, मित्राची भेट किंवा बँकेतील एखाद्या कागदाची चौकशी इतकी ती साधी असू शकतात. गोव्यात तीन महिन्यांनंतर असे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

कुटुंबाची भूमिका

ताण एकट्याचा नसतो. कर्जाचा आकडा पत्नीपासून लपविलेला असतो, वडील-मुलाचा अबोला असतो, कधी दारू असते. रुग्णाच्या संमतीने समुपदेशक घरच्यांनाही बोलावतो. मात्र खासगीत सांगितलेले परस्पर कोणालाही सांगत नाही. 'मन घट्ट कर', 'इतरांनाही कर्ज आहेच' हे सल्ले प्रेमापोटी दिले जातात. पण त्यामुळे माणूस बोलायचा थांबतो. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविल्यास त्याला एकटे सोडू नये आणि विलंब न करता वैद्यकीय मदत घ्यावी. याविषयी थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते.

राज्य शासनाने २०१५ मध्ये अमरावती, अकोल्यासह १४ जिल्ह्यांत शेतकरी समुपदेशनासाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा नि:शुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून, एरवी तिला शिक्षा करू नये, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण उरलेले नाही.