चित्रेच्या खाली खानेसुमारी

मे महिन्याच्या मध्यास, अंधाऱ्या पंधरवड्यात, नागभीडच्या धान निघून मोकळ्या पडलेल्या बांध्यांत रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले म्हणजे चित्रा ऐन दक्षिणेस उंच आलेली दिसते, आणि तिच्या सरळ खाली, क्षितिजापासून हात लांबवून धरलेल्या दोन मुठींच्या उंचीवर, जंगलातला धूर आड आला नाही तर, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ गवसतो. टॉलेमीने त्यास ताऱ्यांतच दाखल केले होते. 1677 मध्ये सेंट हेलेना बेटावरून हॅलीने ती चूक दुरुस्त केली. द्विनेत्रीतून तो धुकट गोळा दिसतो. नजर किंचित बाजूस वळवावी, म्हणजे त्याची कड पसरत जाते व पृष्ठभाग रवाळ भासू लागतो. सुमारे 17,000 प्रकाशवर्षे दूर असलेले हे कोटभर तारे!

असा गुच्छ एकाच मेघातून एकदमच जन्मला, असा समज बराच काळ रूढ होता. आणि तो खरा असता, तर ताऱ्यांचे रंग व तेज आलेखावर मांडताच हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची एकच रेघ उमटावयास हवी होती. परंतु हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून झालेल्या ओमेगा सेंटॉरीच्या खानेसुमारीत ती रेघ दुभंगलेली निघाली, आणि बेडिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली ते निर्विवाद केले. पुढल्याच वर्षी पिओत्तो यांच्या गटाने, एकेकटा तारा साक्ष देण्यास फार मंद म्हणून, चिलीतील दुर्बिणीने प्रत्येक शाखेतील 17 ताऱ्यांचे वर्णपट एकत्र केले, तो निळ्या शाखेतच जड मूलद्रव्ये अधिक! वास्तविक त्यांनी तारा तांबूस व्हावयाचा. रुजवात पटण्यास एकच वाट उरली: या निळ्या शाखेतील ताऱ्यांत हेलियम नेहमीच्या 25 टक्क्यांऐवजी 35 टक्क्यांहून अधिक असावा. इतक्या थंड ताऱ्यांच्या वर्णपटात हेलियमची रेषा उमटत नाही, तेव्हा पुरावा परिस्थितिजन्यच. तरी माझ्या मते तो फिर्यादीच्या कित्येक प्रत्यक्ष साक्षीदारांहून भरवशाचा आहे.

असे हेलियमसंपन्न तारे उतारवयात अतितप्त होऊन अतिनील प्रकाशात झळकतात. 2015 मध्ये सुटलेल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील, पुण्याच्या ‘आयुका’चाही हातभार लागलेल्या अतिनील दुर्बिणीने या गुच्छाचे चित्रण केले आहे.

प्रश्न उरतो तो हेलियमच्या उगमाचा. आधीच्या पिढीतील वृद्ध ताऱ्यांनी तो उधळला म्हणावे, तर अशा दोन पिढ्या असलेल्या बहुतेक गुच्छांत दुसऱ्या पिढीची संख्या पहिलीइतकी किंवा अधिकच भरते. मूठभर पूर्वजांच्या राखेतून एवढी प्रजा घडण्यास पहिली पिढी कित्येक पटींनी मोठी असून पुढे निसटून गेली, असे मानावे लागते, आणि त्या फरारी ताऱ्यांचा माग अद्याप समाधानकारकपणे लागलेला नाही.