पिस्टन बदलला, कारण तसंच राहिलं

कपाशीवर बोंडअळी आणि सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसू लागला की मलकापूर, नांदुरा, चिखली, मेहकरकडच्या गावांत पाठीवरचे पेट्रोलचे फवारणी पंप बाहेर निघतात. ऐन घाईत एखादा पंप पकडतो आणि दोरी ओढली जात नाही. धुऱ्यावरची बाभूळ कापणारी चेनसॉही अशीच अडते. ही टू-स्ट्रोक इंजिनं घरी खोलून नीट बांधता येतात. पण त्यांच्याबद्दलचे बरेच समज मोटारसायकलच्या दुरुस्तीतून आले आहेत आणि तिथेच घोटाळा होतो.

सगळ्यात महाग पडणारा समज म्हणजे "इंजिन जुनं झालं म्हणून पकडलं, नवं किट टाकलं की झालं." इंजिन का पकडलं ते पिस्टनवर लिहिलेलं असतं. सायलेन्सर काढा आणि पोर्टमधून आत बघा. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिन तापलं होतं: पेट्रोल कमी पडलं, कुठून तरी जादा हवा शिरली, किंवा थंड करणाऱ्या पात्यांत कचरा अडकला. चारही बाजूंनी सारखे ओरखडे दिसले तर बहुधा ऑइलच न मिसळलेलं पेट्रोल गेलं. कार्बोरेटरच्या बाजूची चमक जाऊन पिस्टन मळकट, घासलेला दिसतो तेव्हा फिल्टरमधून धूळ आत गेलेली असते. कारण न शोधता बसवलेलं किट त्याच कारणाने पुन्हा पकडतं.

जादा हवेची वाट शोधणं सोपं आहे, तरी बहुतेक ठिकाणी ते टाळलं जातं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँकची पेटीच हवा-पेट्रोल ओढून वर ढकलते, म्हणून ती पूर्ण हवाबंद असावी लागते. क्रँकचं रबरी सील कडक झालं की पेट्रोल न मिसळलेली हवा तिथून आत येते. जुन्या ट्यूबच्या रबराने कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद करा, प्लगच्या जागेतून साधारण अर्धा किलो दाब द्या आणि साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तिथे गळती. काही सील आतून दाब दिल्यावर घट्ट बसतात आणि हवा ओढली जाताना मात्र गळतात, म्हणून उलटी, हवा ओढण्याची चाचणीही घ्यावी.

"बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकू." चेतक किंवा आरएक्स 100 च्या काळात हे बरोबर होतं, कारण त्यांचा बोअर लोखंडी होता. बहुतेक चेनसॉंचा सिलिंडर मात्र अॅल्युमिनियमचा असतो आणि त्याला आतून क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ, फार टणक थर असतो. बोअर मारला की तो थरच जातो. उलट, खराब वाटणारा असा सिलिंडर पुष्कळदा चांगला असतो. त्याला चिकटलेलं असतं ते पिस्टनचं अॅल्युमिनियम. ते कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवलेल्या बोळ्याने उतरतं. हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत हे काम करा आणि पोर्टच्या उघड्या अॅल्युमिनियमला द्रावण लागू देऊ नका. थर सोललेला दिसला तर सिलिंडर बदलण्याला पर्याय नाही.

ऑइलबद्दल: "थोडं जास्त टाकलं तर बरंच." यंत्रावर 1:25 लिहिलं असेल तर लिटरमागे 40 मिली, 1:50 असेल तर 20 मिली. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, मिश्रण हलकं होतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. शिवाय काजळी साचून पोर्ट बुजतो. मोटारसायकलचं 20डब्ल्यू-40 ऑइलही चालत नाही, कारण त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख उरते. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं 2टी ऑइल घ्या.

हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसंच ठेवणंही आता परवडत नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल, जे आता 20 टक्क्यांपर्यंत आहे, हवेतलं पाणी शोषतं. पाणी फार झालं की त्याचा इथेनॉलसह थर तळाशी बसतो आणि त्यात 2टी ऑइल जवळजवळ नसतं. टाकीतली नळी नेमका तोच थर ओढते. टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

आता ताकद वाढवण्याचं. कार्बोरेटरचा, पूर्ण रेसवरचं पेट्रोल ठरवणारा एच स्क्रू आत फिरवला की आवाज चढतो आणि यंत्र जोरात आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात पेट्रोल कमी झालेलं असतं, आणि मिनिटाला 12,000 फेऱ्यांवर पिस्टन पकडायला फार वेळ लागत नाही. पूर्ण रेसवर, भाराविना चेनसॉ किंचित फुरफुरली पाहिजे आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ बोलली पाहिजे. सायलेन्सरचं तोंड थोडं मोठं केल्याने फरक पडतो, पण सोबत पेट्रोल वाढवावं लागतं. ठिणगी अडवणारी जाळी काढू नये. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी उन्हाळ्यात गवत वाळून कोळ झालेलं असतं. सिलिंडरखालचं गॅस्केट काढून कॉम्प्रेशन वाढवायचं असेल तर आधी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून क्रँक फिरवा. चेपलेली तार अर्ध्या मिलिमीटरहून पातळ निघाली, तर गॅस्केट परत बसवा. चेनब्रेक मात्र कुठल्याही कारणाने काढू नका.

फवारणी पंपाचा वेग वाढवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. वेग वाढला की थेंब बारीक होतात, वाऱ्यावर उडतात आणि फवारणाऱ्याच्या श्वासात जातात. 2017 मध्ये आपल्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पंप बांधून झाला की पहिली टाकी साध्या पाण्याची चालवा. पाठीकडची बाजू, झाकण आणि नळीचे जोड कोरडे राहिले तरच त्यात औषध भरा.