मंडळ, हौस आणि सभासद : रविकिरण मंडळ ते आविष्कार

मराठी वाङ्मयीन व नाट्यविषयक संस्थांचा इतिहास बहुधा त्यांच्या निर्मितीच्या अंगाने लिहिला गेला आहे. कोणत्या मंडळाने कोणते संग्रह काढले, कोणत्या संस्थेने कोणत्या वर्षी कोणते नाटक बसविले, याच्या नोंदी उपलब्ध होतात. परंतु ज्या माणसांनी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता आपल्या संध्याकाळी या संस्थांना दिल्या, ती माणसे तेथे आली कशी आणि आल्यावर राहिली का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हौशी संस्थेत पगाराचे बंधन नसते, कराराचे नसते आणि पुष्कळदा घरच्यांची संमतीही नसते. सभासद कोणत्याही दिवशी येणे थांबवू शकतो. म्हणूनच अशा संस्थेची घडण समजून घ्यावयाची तर तिच्या निर्मितीइतकेच तिच्या सभासदत्वाचे स्वरूप तपासणे आवश्यक ठरते. त्या दृष्टीने चार संस्था आणि एक नाट्यकृती यांचा येथे विचार करावयाचा आहे.

१९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेले रविकिरण मंडळ हे या संदर्भात सोयीचे आरंभस्थान आहे. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे आणि दि. ल. गोखले ही या मंडळाची नावे सर्वपरिचित आहेत. रविवारी एकत्र जमणे, चहा घेणे आणि एकमेकांना कविता ऐकविणे एवढाच या मंडळाचा मूळ कार्यक्रम होता. थट्टेने त्याला ‘सन-टी क्लब’ म्हटले जाई. या साधेपणातच त्याच्या टिकण्याचे एक कारण शोधता येते. वार ठरलेला, जागा परिचयाची, माणसे मोजकी. एखादा गैरहजर राहिला तर ते लगेच जाणवावे, इतकी ती मोजकी होती. शिवाय येणाऱ्याने रिकाम्या हाताने येऊ नये, अशी अपेक्षा होती. नवी कविता सोबत असणे हीच तेथील वर्गणी, आणि ती ऐकून घेणारे जाणते कान हा तिचा परतावा. कवितेवर जगता न येणाऱ्या शिक्षक-प्राध्यापकांच्या पिढीला असे कान मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. ‘मधु-माधव’ सारखा घाटे आणि माधव ज्यूलियन यांचा एकत्रित संग्रह निघाला, तो याच सहवासातून.

मंडळाचे कार्य मात्र बैठकीपुरते मर्यादित राहिले नाही. काव्यगायनाच्या जाहीर कार्यक्रमांतून या कवींनी फार मोठा श्रोतृवर्ग मिळविला. या लोकप्रियतेची एक पावती म्हणजे आचार्य अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ हा १९२५ चा विडंबनसंग्रह. ज्यांची कविता घरोघरी पोचलेली नाही त्यांचे विडंबन कोणी करीत नाही. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. मंडळाचे श्रोते वाढले. सभासद वाढले नाहीत. बाहेरच्या तरुण कवीला टाळ्या वाजविण्याची मुभा होती, रविवारच्या चहाचे आमंत्रण नव्हते. हा मंडळाचा दोष म्हणता येणार नाही, कारण विस्तार हे त्याचे उद्दिष्टच नव्हते. परंतु त्याचा परिणाम अटळ होता. माडखोलकर कवितेकडून कादंबरी व समीक्षेकडे वळले, माधव ज्यूलियन कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात गेले, आणि गेलेल्यांच्या जागी कोणी यावे अशी योजनाच नव्हती. स्नेहावर उभे राहिलेले मंडळ त्या स्नेहाच्या आयुष्याएवढेच जगले.

नाटकाची गोष्ट वेगळी आहे. कवितेची बैठक आठ जणांत पूर्ण होते. नाटकाला मात्र अशी बरीच माणसे लागतात की ज्यांचा चेहरा प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. पडदा ओढणारा, दिवे सांभाळणारा, वेशभूषेचे गाठोडे वाहणारा, नाट्यगृहाची तारीख मिळविण्यासाठी हेलपाटे घालणारा अशा सर्वांना हौसेच्या बळावर टिकवावे लागते. अभिनयाची हौस समजू शकते. गाठोडे वाहण्याची हौस कोठून येते? हौशी नाट्यसंस्थेची खरी परीक्षा या प्रश्नाशी होते. १९५४ मध्ये मुंबई राज्याने सुरू केलेल्या राज्य नाट्य स्पर्धेने या प्रश्नाचे एक उत्तर पुरविले. स्पर्धेने गावोगावच्या मंडळांना वर्षातून एक निश्चित तारीख दिली. तारीख आली की तालमी आल्या, तालमी आल्या की प्रत्येकाला काम आले. १९६३ पासून पुण्यात होऊ लागलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत तेच केले आणि पुढे अनेक संस्थांना तयार माणसे पुरविली. या व्यवस्थेची एक मर्यादाही होती. केवळ स्पर्धेसाठी जमलेला संच निकालाबरोबर विखुरतो; पुढल्या वर्षी नाव तेच राहते, माणसे बदललेली असतात.

हौशी संस्थेतील सभासदत्वाचे सर्वांत भेदक चित्रण याच स्पर्धेच्या निमित्ताने मराठी नाटकाला मिळाले, हा योगायोग लक्षणीय आहे. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक रंगायनने डिसेंबर १९६७ मध्ये राज्य नाट्य स्पर्धेत सादर केले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. या नाटकाची चर्चा स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गीय दांभिकता, हिंसा या अंगांनी विपुल झाली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ही सगळी पात्रे एका हौशी नाट्यमंडळाची सभासद आहेत, ही बाब बहुधा कथानकाची सोय म्हणून बाजूला ठेवली जाते. ती तशी ठेवणे बरोबर नाही.

हे मंडळ एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी आले आहे. त्यातील प्रत्येकाला या मंडळाने काय दिले, हे पाहण्यासारखे आहे. सुखात्मे हे वकील आहेत, पण त्यांच्याकडे पक्षकार नाहीत. अभिरूप न्यायालयात मात्र त्यांचा आवाज चढतो. पोंक्षे इंटर सायन्सला नापास झालेला, पण मंडळात त्याचा रुबाब वैज्ञानिकाचा. कर्णिकला नट म्हणून जे स्थान मिळाले नाही, ते येथे गृहीत धरले जाते. काशीकर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतात. त्यांना व त्यांच्या पत्नीला मूल नाही, तेव्हा बाळू रोकडे हा त्यांनी वाढविलेला मुलगा हाताशी असतो. म्हणजे बाहेरच्या जगाने जे नाकारले ते मंडळ आठवड्यातून काही तास परत देते. हे सभासद कलेवरील प्रेमापोटी टिकलेले नाहीत. परस्परांच्या अपयशाविषयी पाळलेल्या मौनाने ते एकत्र बांधले गेले आहेत. कोणी कोणाचे खरे बोलायचे नाही, हा या मंडळाचा अलिखित नियम आहे.

लीला बेणारे हा नियम पहिल्या अंकातच मोडते. गावातील सामंतसारख्या परक्या माणसापुढे ती सहकाऱ्यांच्या नकला करते, त्यांचे अपयश हसत हसत उघड करते. पुढे सुरू होणारा खेळातला खटला तिच्यावरच का उलटतो, याचे एक उत्तर येथे मिळते. तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. पण मंडळाच्या दृष्टीने तिने केलेला मूळ अपराध मौनभंगाचा आहे. प्रा. दामले अनुपस्थित असल्याने सुरक्षित राहतात. जो हजर असतो तोच आरोपी होऊ शकतो. रोकडेचे उदाहरणही या दृष्टीने उद्बोधक आहे. गैरहजर सभासदाची साक्षीदाराची भूमिका आपल्याला मिळावी, अशी त्याची इच्छा असते. ती मिळते मात्र त्या दिवशी प्रथमच भेटलेल्या सामंतला. नवागताचे स्वागत होते आणि जुना, राबणारा सभासद शिपायाच्या कामावरच राहतो. हौशी संस्थांमधून माणसे गळण्याची कारणे शोधणाऱ्याने या छोट्या प्रसंगाकडे अवश्य पाहावे. शेवटी ‘हा सगळा खेळच होता’ असे म्हणून मंडळी प्रयोगाच्या तयारीला लागतात. मंडळाच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते, कारण मंडळ शाबूत असते. या चित्रणाची धार अशी की, ते रंगमंचावर उभे करणारी माणसे स्वतः एका हौशी संस्थेची सभासद होती.

सभासद नेमका कोणाचा असतो, संस्थेचा की कलाकृतीचा, हा प्रश्न पाच वर्षांनी पुण्यात प्रत्यक्षातच उभा राहिला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही भालबा केळकर यांच्या नेतृत्वाखाली वाढलेली मान्यवर हौशी संस्था. तिने १६ डिसेंबर १९७२ रोजी तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली भरत नाट्य मंदिरात सादर केले. भास्कर चंदावरकर यांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना आणि ब्राह्मणांच्या रांगेचा मानवी पडदा यांमुळे हे नाटक एकदोन नटांचे न राहता सगळ्या समूहाचे झाले. त्यावर मोठा वाद झाला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने प्रयोग थांबविले. निर्णय संस्थेच्या अधिकारातील होता. संस्थेची पूर्वपरंपरा आणि तिचे समाजातील स्थान यांची चिंताही समजण्यासारखी होती. तथापि, तालमींतून महिनोन्‌महिने एकत्र गायलेल्या, नाचलेल्या तरुणांची निष्ठा एव्हाना अन्यत्र जडली होती. ते एकेकटे बाहेर पडले नाहीत, जवळजवळ संचच बाहेर पडला आणि मार्च १९७३ मध्ये थिएटर अकॅडमीची स्थापना झाली. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे व्यवसायाने डॉक्टर, सतीश आळेकर विज्ञानाचे; नाटक हा यांपैकी कोणाच्याही उपजीविकेचा आधार नव्हता. ‘घाशीराम’ पुन्हा उभे राहिले, १९७४ मध्ये आळेकरांचे ‘महानिर्वाण’ आले आणि १९८० मध्ये ‘घाशीराम’चा युरोप दौरा झाला. एकाच कामात गुंतलेला मोठा समूह ही संस्थेची सर्वांत मोठी शक्ती असते. तोच समूह एकजुटीने उठूनही जाऊ शकतो.

मुंबईत घडले ते वेगळे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या रंगायनने प्रायोगिक नाटकासाठी जाणता प्रेक्षक घडविला. पण संस्थेत मतभेद झाले, आणि १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी आविष्कार ही संस्था सुरू केली. येथपर्यंतची कथा इतर फुटींसारखीच आहे. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात आविष्कारचे प्रयोग होऊ लागले, तेव्हा मात्र या संस्थेने एक निराळी गोष्ट केली. ती जागा तिने इतर संस्थांनाही खुली केली. शाळेचे ते सभागृह, त्यात ना धड रंगमंच ना आरामशीर खुर्च्या. पण नाट्यगृहाचे भाडे न परवडणाऱ्या नव्या संचाला तेथे प्रयोग करता येई आणि एका संस्थेचे सभासद दुसऱ्या संस्थेचे प्रेक्षक होत. रविकिरण मंडळाच्या संदर्भात नोंदविलेला श्रोता व सभासद हा भेद येथे बराचसा पुसट झाला. आज जो प्रेक्षकांत बसला आहे तो पुढल्या महिन्यात प्रकाशयोजना करीत असेल, अशी शक्यता तेथे खरी होती. एका संस्थेच्या नावाने नव्हे तर एका जागेच्या नावाने, ‘छबिलदास चळवळ’ म्हणून, हा कालखंड ओळखला जातो, याचा अर्थ असाही घेता येईल.

गाठोडे वाहणाऱ्याच्या हौसेविषयीचा आधीचा प्रश्न आविष्कारच्या बाबतीत अरुण काकडे यांच्या कार्याकडे घेऊन जातो. नट, लेखक वा दिग्दर्शक म्हणून नव्हे, तर निर्मिती-व्यवस्था सांभाळणारा म्हणून हा माणूस दशकानुदशके संस्थेत राहिला. छबिलदासची जागा सुटल्यावर संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली, तेव्हाही हे काम काकडे यांच्याकडेच राहिले आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्यात होते. त्यांना मिळालेले मान-सन्मान नाटकाच्या याच अदृश्य बाजूसाठी होते. मराठी नाट्येतिहासाच्या ग्रंथांतून मात्र व्यवस्थापकांची प्रकरणे अद्याप लिहिली गेलेली नाहीत; त्यांची नावे अजून श्रेयनामावलीच्या शेवटच्या ओळींतच सापडतात.