बिडाच्या नळाचा सांधा

व्याख्यानाचा विषय ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "वसंतात लोक कोकिळा ऐकायला येतात, तुम्ही त्यांना गटार का ऐकविता?" प्रश्न रास्त आहे. परंतु श्रोतेहो, आज रात्री घरी गेल्यावर आपण मोरीत तांब्याभर पाणी ओताल. ते पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत न मुरता रस्त्याखालच्या गटारात जाईल, यामागे कोणाच्या तरी हाताचे कसब आहे. त्या कसबाची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा हेतू. आम्ही सातवीपलीकडे शाळा पाहिली नाही. विशीच्या आत एका नळमिस्त्रीच्या हाताखाली लागलो आणि पुढे कामगार संघटनेत आलो. पुस्तके वाचली ती रात्री. तेव्हा बोलण्यात काही खडबडीत लागले तर सांभाळून घ्यावे.

मुंबईतील जुन्या इमारतींच्या मागे घरगल्ल्या असतात. तेथे भिंतीला धरून उभे राहिलेले काळे, चार इंची नळ आपण पाहिले असतील. ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. बीड गंजून गळायला फार वर्षे लागतात. मात्र ते ठिसूळ असते. वाकविता येत नाही, वाकवू गेल्यास तडकते. म्हणून साधारण सहा सहा फुटांचे तुकडे ओतायचे आणि एकात एक बसवायचे. तुकड्याचे एक टोक साधे असते आणि दुसरे वाटीसारखे फुगीर. या वाटीला कारागीर सॉकेट म्हणतात. सॉकेटचे तोंड नेहमी वर, आणि वरच्या नळाचे साधे टोक त्यात उतरविलेले. म्हणजे वरून येणारे पाणी फटीकडे न वळता सरळ खाली जाते. टोक आणि सॉकेट यांच्यामध्ये चहूकडून एक बारीक गोल फट राहते. चार मजली इमारतीच्या एका उभ्या नळात शाखांचे धरून असे बारा-पंधरा सांधे सहज होतात. त्यांतला एक कच्चा राहिला तरी खालच्या बिऱ्हाडाची भिंत ओली होते.

ही फट भरण्याची जुनी रीत दोन पदार्थांची आहे: धागा आणि शिसे. धागा तागाचा किंवा सणाचा, डांबरात भिजविलेला, म्हणजे तो लवकर कुजत नाही. विलायतेत यासाठी जहाजांचे जुने दोरखंड पिंजीत. ते बोटांनी पिंजण्याचे काम तुरुंगांतल्या कैद्यांकडून आणि अनाथगृहांतल्या गरिबांकडून सक्तीने करून घेत. त्या धाग्याच्या इतिहासात पुष्कळांची सोललेली नखे आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर गलबताच्या फळ्यांमधील फटीत तेलात भिजविलेली कापसाची वात ठासतात, तोच हा प्रकार. धाग्याचा पीळ नळाभोवती गुंडाळून बोथट पात्याने फटीच्या तळाशी ठासून बसवायचा. त्याने दोन कामे होतात. वरचा नळ सॉकेटच्या बरोबर मध्यावर उभा राहतो, आणि वरून ओतलेले शिसे नळाच्या आत सांडत नाही. वर निदान एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, खोली शिशासाठी मोकळी ठेवायची.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. बीड वितळायला अकराशे अंशांहून अधिक आच लागते. त्यामुळे शिशाच्या रसाने नळाला धक्का लागत नाही. प्लंबर हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून, 'प्लंबम'वरून, आलेला आहे. नळ जितक्या इंची, साधारण तितके पौंड शिसे एका सांध्याला, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा होता. रस पुरेसा तापला की नाही, हे मिस्त्री कोरडी काडी बुडवून पाहत. काडी लगेच काळी पडली पाहिजे. पळीही आधी तापवून घ्यायची. मग सांधा एकाच धारेत भरायचा, कारण अर्धा भरून थांबलात तर दुसरी धार पहिलीशी एकजीव होत नाही. आडव्या नळाला रस वाहून जाऊ नये म्हणून भोवती दोर आवळून वर चिकणमातीचे तोंड करीत. पुढे त्यासाठी ॲस्बेस्टॉसचे दोर आले. त्या ॲस्बेस्टॉसने केवढा रोग आणला, ते आता सर्वांना ठाऊक आहे.

आणि ओल! सांध्यात चमचाभर पाणी राहिले असेल आणि वर तापलेले शिसे पडले, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसे तोंडावर उडते. आमच्या डाव्या मनगटावर डाग आहे तो असलाच. पावसाळ्याचे दिवस होते, आम्ही घाईत होतो. मिस्त्री ओरडले, "अरे, हात घाल आधी, ओलं बघ!" तोवर पळी कलली होती. तोंड वाचले ते केवळ आम्ही उंचीने कमी म्हणून.

बहुतेकांना वाटते, शिसे ओतले की सांधा झाला. तसे नाही. बहुतेक वस्तू थंड होताना आकसतात. शिसे तर रसाचे घट्ट होतानाच शेकडा तीन-साडेतीनने आकसते. म्हणजे ओतलेले कडे दिसायला चकचकीत, पण सॉकेटच्या भिंतीपासून केसभर सुटलेले असते. पाण्याला आणि गटाराच्या वायूला तेवढी वाट पुरते. ती वाट बंद होते ठोकण्याने. बोथट छिन्नी शिशावर धरून, हातोडीने, आधी चार बाजूंना आणि मग गोल फिरत, नळाच्या कडेला एकदा आणि सॉकेटच्या कडेला एकदा, शिसे दाबून पसरवायचे. शिसे मऊ असल्याने ते फटीत शिरते आणि तेथेच राहते. ठोक कमी पडला तर सांधा पाझरतो, जास्त झाला तर सॉकेट तडकते. आमचे मिस्त्री ठोकून झाल्यावर नळावर हातोडी हलकेच आपटून कान देत. नळ घंटेसारखा वाजला तर धड, बद्द वाजला तर तडा.

ओतायला मिनिट पुरत नाही तर ठोकायला कितीतरी वेळ लागतो, आणि तो वेळ बाहेरून दिसत नाही. येथेच आमच्या संघटनेचा या विषयाशी संबंध येतो. एका कंत्राटदाराने (नाव सांगण्यात अर्थ नाही) माणसांना रोजाऐवजी सांध्यामागे पैसे देणे सुरू केले. दोन पावसाळ्यांत तळमजल्याची स्वयंपाकघरे ओली झाली, आणि दोष आला कामगारांवर. आम्ही काही भाडेकरूंना बरोबर घेऊन एक सांधा उघडला. वर अर्ध्या इंचाचे शिसे, खाली डांबराविना गोणपाटाच्या चिंध्या. शिशावर छिन्नीची एकही खूण नव्हती. ते कडे बोटाने फिरत होते. ज्याने ते ओतले तो तेथेच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, ठोकत बसलो असतो तर दिवसाला चार सांधे झाले असते, आणि घरी पाच तोंडं आहेत." यावर काय बोलावे ते आम्हांला त्या दिवशी सुचले नाही. पुढे रोजाचा दर पुन्हा लागू करून घेतला, त्याला आठ महिने गेले.

शिशाशिवायही रीती होत्या. लोखंडाचा कीस, नवसागर आणि थोडे गंधक ओले करून फटीत ठासले की ते गंजते, गंजताना फुगते आणि दगडासारखे होते. सांधा पक्का खरा, पण पुन्हा उघडणे जवळजवळ अशक्य. सिमेंटचा सांधा स्वस्त, पण ताठर. इमारत थोडी बसली की त्याला चीर जाते. शिशाचा सांधा अशा वेळी थोडा हलून घेतो, आणि पाझरू लागलाच तर पुन्हा ठोकून बंद करता येतो. जेथे ओल हटत नाही तेथे शिशाचे बारीक तंतू थंडच ठासतात.

पण शिसे विष आहे. सांडपाण्याच्या नळातून कोणी पाणी पीत नाही, म्हणून रहिवाशाला त्याचे भय नाही. भय आहे ते कारागिराला. रस गरजेपेक्षा फार तापविला की धूर पोटात जातो, आणि वरची राख हाताला लागते. त्याच तळहातावर तंबाखू मळायची! पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, हिरडीवर निळसर रेघ, आणि शेवटी मनगट लुळे पडणे, अशी ही वाट आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने शिशाची बाधा सरकारला कळविण्याच्या रोगांत घातली. पण घरगल्लीत स्टोव्हवर शिसे वितळविणारा माणूस कारखान्यात नसतो. साबण, पाणी आणि काम संपेपर्यंत तंबाखू बंद, एवढा नियम आमच्या लोकांत लावायलाही आम्हांला भांडावे लागले, आणि तेही आमच्याच लोकांशी.

आता नवीन कामात प्लास्टिकचे नळ आणि रबराची कडी आली आहेत. त्याबद्दल आम्ही हळहळत नाही; रबराने कोणाचे मनगट लुळे पडत नाही. तरी जुने नळ अजून पुष्कळ ठिकाणी उभे आहेत. आपल्या इमारतीत दुरुस्ती निघाली तर सरसकट नळ उतरविण्याआधी ते तपासून घ्यावेत. खालचे तोंड बंद करून नळात धूर सोडतात. जेथून धूर निघेल तो सांधा कच्चा. बीड धड असेल तर तेवढाच सांधा पुन्हा ठोकून भागते. बीडच सडले असेल तर नळ उतरवावा लागतो, आणि मग त्यातले शिसे भंगारात किलोने विकले जाते. ते सोसायटीचे की कंत्राटदाराचे, हे कागदावर आधी लिहून घ्यावे.