वजन, दम आणि ठोसा

मुष्टियुद्धाचा सामना तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. पन्नास किलोग्रॅमच्या आसपासचे खेळाडू रिंगणात एकसारखे हलत असतात आणि ठोशांचा नुसता पाऊस पाडतात. शंभर किलोग्रॅमचे खेळाडू मात्र एकमेकांना जोखत बेताने सरकतात, आणि कधी एकाच ठोशात लढत संपते. खेळ एकच, मग लढण्याच्या तऱ्हेत एवढा फरक का?

निम्मे उत्तर भूमितीत आहे. समजा, ५१ किलोग्रॅमच्या खेळाडूची सर्व बाजूंनी सारखी वाढवलेली १०२ किलोग्रॅमची प्रतिकृती आपण तयार केली. वजन घनफळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ते दुप्पट होण्यास लांबी, रुंदी आणि जाडी प्रत्येकी सुमारे १.२६ पट व्हायला हवी. स्नायूचे बल मात्र त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ते १.२६ × १.२६, म्हणजे सुमारे १.५९ पटच होते. वजन दुप्पट झाले, पण दर किलोग्रॅममागे बल सुमारे २० टक्क्यांनी घटले!

आता 'बल = वस्तुमान × त्वरण' हे सूत्र आठवा. मोठ्या देहाचे त्वरण कमी. त्याला दिशा बदलायला वेळ लागतो. पण ठोशामागचे वस्तुमान अधिक असल्याने संवेगही अधिक. म्हणून वजनदार खेळाडू पावले राखून एका निर्णायक ठोशाची वाट पाहतो, तर हलका खेळाडू चपळाईवर गुण मिळवतो.

उरलेले उत्तर दमात आहे. स्नायूंतील तयार ऊर्जेचा साठा जोरदार हालचालीला जेमतेम दहा सेकंद पुरतो. पुढे ऑक्सिजनशिवायही ग्लुकोजपासून ऊर्जा मिळते, पण स्नायूंतील आम्लता वाढत जाते आणि हात जड होतात. तिसरा मार्ग ऑक्सिजनचा. सावकाश, पण टिकाऊ. रोजच्या धावण्याने आणि दोरीवरच्या उड्यांनी हा मार्ग रुंदावतो, आणि दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात खेळाडू लवकर सावरतो.

याचे नामांकित उदाहरण म्हणजे ३० ऑक्टोबर १९७४ ची किन्शासा येथील लढत. जॉर्ज फोरमन २५ वर्षांचा, सुमारे १०० किलोग्रॅमचा. महंमद अली ३२ वर्षांचा, सुमारे ९८ किलोग्रॅमचा. अलीला पूर्वी हरवणाऱ्या जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या दोघांनाही फोरमनने दुसऱ्याच फेरीत गारद केले होते. म्हणजे लांब लढतीची त्याला सवय राहिली नव्हती. तरुणपणी पायांवर नाचणारा अली दुसऱ्या फेरीपासून चक्क दोरांना रेलून उभा राहिला. क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता ना? तेच तत्त्व येथे होते. दोर मागे झुकल्याने आघाताचा काळ वाढतो आणि बल कमी होते. बरेचसे ठोसे अलीने हातांवर झेलले. फोरमनची ऊर्जा मात्र प्रत्येक ठोशागणिक खर्च होत राहिली. आठव्या फेरीत दमलेला फोरमन खाली कोसळला. वजनगट एकच, पण जिंकला तो दम राखणारा.

मेरी कोमची गोष्ट उलट आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी तीनच वजनगट होते आणि सर्वांत हलका गट ५१ किलोग्रॅमचा. त्याहून हलक्या गटांत जगज्जेती ठरलेल्या मेरीला तेथे उंच प्रतिस्पर्ध्यांशी लढावे लागले. तरी चपळाईच्या जोरावर तिने कांस्यपदक मिळवले.

मग पाणी न पिता वजन घटवून खालच्या गटात शिरावे काय? मुळीच नाही. शरीरातील पाणी घटले की रक्ताचे आकारमान घटते, हृदयाला अधिक वेळा धडधडावे लागते आणि ज्या दमावर सारा खेळ, तोच जातो. शिवाय दोर आघात कमी करतात, नाहीसा करीत नाहीत. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा असावा, असे अनेकांना वाटते.

एक प्रयोग करा. मित्राला घड्याळ लावून बसवा आणि तीन मिनिटे हवेत ठोसे मारा. दर अर्ध्या मिनिटाचे ठोसे मोजून आलेख काढा. महिनाभर रोज धावल्यावर पुन्हा तसाच आलेख काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दम म्हणजे काय, ते तो आलेखच तुम्हांला सांगेल.