एआय मदतनीस आणि भाड्याचा संगणक : चावी किती द्यावी?

व्यापारात एखादे नवे साधन आले की आपल्या बांधवांत दोन तऱ्हा दिसतात. काही जण ते काय आहे हे न पाहताच त्यापासून दूर राहतात, तर काही जण कोणाच्या तरी सांगण्यावरून डोळे झाकून ते स्वीकारतात. नुकसान दोन्हींत आहे. सध्या "एआय एजंट" या साधनाची चर्चा सर्वत्र आहे. संगणक शिकलेली मुले आता घरोघर आहेत आणि ऑर्डरींचे सगळे काम एजंटकडून क्लाउडवर बसवून देतो, असे ती वडिलांना सांगत असतात. काम मुलगा करील हे खरे, परंतु खाते, बिल आणि जबाबदारी मालकाच्या नावावर राहते. म्हणून हे काम कसे होते आणि त्यात धोका कोठे आहे, हे मालकानेही समजून घेणे जरूर आहे.

सर्व्हरविना क्लाउड म्हणजे काय?

"सर्व्हरलेस" या नावावरून यात सर्व्हर नसतोच असा समज होतो. सर्व्हर असतो, पण तो दुसऱ्याचा असतो आणि त्याची देखभाल आपल्याकडे नसते. पगारी कारागीर ठेवला तर काम असो वा नसो, महिना भरला की पगार द्यावा लागतो. मीटरवर मजुरी ठरवली तर जेवढे विणले तेवढेच पैसे. सर्व्हरलेसचा हिशेब या दुसऱ्या प्रकारचा आहे.

ॲमेझॉन कंपनीच्या क्लाउड विभागाने, म्हणजे एडब्ल्यूएसने, 2014 साली "लॅम्डा" नावाची अशी सेवा जाहीर केली. या कंपनीची संगणक केंद्रे मुंबई भागात 2016 पासून आणि हैदराबाद भागात 2022 पासून आहेत. लॅम्डावर आपण एक लहानसा प्रोग्रॅम ठेवतो. गिऱ्हाइकाची ऑर्डर आली की तो जागा होतो, काम करतो आणि थांबतो. एका खेपेत तो जास्तीत जास्त 15 मिनिटे चालू शकतो. पैसे किती वेळा चालला आणि किती वेळ चालला यावर लागतात, आणि वेळ मिलिसेकंदात मोजली जाते. महिन्याला पहिल्या 10 लाख खेपांना आकार नाही. लहान व्यापाऱ्याचे काम बहुधा त्यातच भागते. मात्र माहिती साठवणे, ती बाहेर पाठवणे इत्यादींचे आकार वेगळे असतात, हे विसरू नये.

एजंट आणि काळा पडदा

प्रश्न विचारला की उत्तर देणारा एआय आता सर्वांच्या परिचयाचा आहे. एजंट त्याच्या पुढची पायरी आहे. तो काम सांगितल्यावर स्वतः एक आज्ञा चालवतो, तिचा निकाल वाचतो, त्यावरून पुढची आज्ञा ठरवतो आणि काम पुरे होईपर्यंत हेच करीत राहतो. 2025 साली अँथ्रॉपिकचे क्लॉड कोड, ओपनएआयचे कोडेक्स सीएलआय आणि गुगलचे जेमिनी सीएलआय ही या प्रकारची साधने बाजारात आली.

ही तिन्ही साधने कमांड लाइनवर, म्हणजे अक्षरांच्या साध्या पडद्यावर चालतात. ज्यांनी पूर्वी डॉस शिकले असेल त्यांना हा काळा पडदा आठवेल. चित्रे आणि बटणे माणसाच्या सोयीची असतात, तर एआयचे मूळ काम मजकूर वाचणे आणि लिहिणे हे आहे. क्लाउड कंपन्यांनी आपल्या सेवा अक्षरी आज्ञांनी चालवण्याची साधने फार पूर्वीच दिलेली आहेत. एडब्ल्यूएसच्या आज्ञेत आधी साधनाचे नाव, मग सेवेचे नाव, मग काय करायचे ते आणि शेवटी तपशील असतो. चूक झाली तर चुकीचे कारणही अक्षरांतच परत येते. एजंट ते वाचतो आणि दुरुस्ती करतो. दोघांची जोडी बसते ती यामुळे.

समजा, भिवंडीतील एका कापड व्यापाऱ्याला गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी एका फॉर्ममधून घेऊन एका यादीत साठवायच्या आहेत. एजंट प्रथम "मी कोणाच्या नावाने काम करीत आहे?" हे विचारणारी आज्ञा चालवील. मग प्रोग्रॅम लिहून तो झिप फाइलमध्ये बांधील, लॅम्डावर चढवील, डायनॅमोडीबी या माहितीच्या कोठारात यादी तयार करील आणि एक खोटी ऑर्डर पाठवून पाहील. ती नोंदली गेली नाही तर क्लाउडवॉच या सेवेतील नोंदी वाचून चूक शोधील. जाणकाराला अर्धा दिवस लागणारे काम बरेचदा तासाभरात उरकते.

खरा प्रश्न चावीचा

आता मुख्य मुद्दा. एजंटला क्लाउडवर स्वतःचे नाव नसते. आपल्या संगणकावर जी चावी, म्हणजे ओळखीची गुप्त अक्षरे, ठेवलेली असतात ती वापरून तो काम करतो. क्लाउडच्या दृष्टीने आज्ञा देणारे आपणच असतो. चावी सर्व खात्याची असेल, तर जे जे मालक करू शकतो ते ते सर्व एजंट करू शकतो, सारी माहिती पुसून टाकणे हेदेखील.

आपल्याकडे कुलमुखत्यारपत्र आणि खास मुखत्यारपत्र यांतील फरक सर्वांना ठाऊक आहे. एक दुकान भाड्याने देण्यासाठी कोणी सगळ्या मिळकतीचे कुलमुखत्यारपत्र लिहून देत नाही. फिक्हमध्येही वकालतीचा नियम हाच आहे की वकिलाने नेमून दिलेल्या हद्दीत राहावे. परंतु येथे एक मोठा फरक आहे. मनुष्य वकील अमानतीला जबाबदार असतो आणि त्याला जाब विचारता येतो. यंत्राला जाब विचारता येत नाही. म्हणून हद्द तोंडी सांगून भागत नाही, ती कुलपातच बसवावी लागते.

याचा दाखला जुलै 2025 मध्ये मिळाला. अमेरिकेतील उद्योजक जेसन लेमकिन हे रेप्लिट कंपनीच्या एजंटकडून काम करवून घेत होते. काही बदल करू नये असे स्पष्ट सांगितलेले असतानाही एजंटने चालू कामाची माहिती पुसली आणि ती परत मिळणार नाही असेही सांगितले. प्रत्यक्षात ती परत मिळाली. कंपनीच्या प्रमुखांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चाचणीचे व चालू कामाचे कोठार वेगळे ठेवण्याची व्यवस्था केली.

कुलूप कसे लावावे?

एडब्ल्यूएसमध्ये आयएएम नावाची व्यवस्था आहे. तीत एजंटसाठी स्वतंत्र ओळख तयार करावी. ती कायमची न देता ठरावीक वेळेपुरती, उदाहरणार्थ एका तासाची, देता येते. तिच्या परवानगीत फक्त तो एक प्रोग्रॅम आणि ती एक यादी लिहावी. पुसण्याला स्पष्ट मनाई लिहावी. स्पष्ट मनाई एकदा लिहिली की दुसरीकडे दिलेली कोणतीही परवानगी तिच्यापुढे चालत नाही. खात्याची मूळ मालकी चावी तर एजंटच्या संगणकावर कधीच नसावी.

एक बारीक गोष्ट अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटते. लॅम्डावरील प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी परवानगी असते. एजंटला नवा प्रोग्रॅम तयार करण्याची आणि त्याला हवी ती परवानगी जोडण्याची मुभा असेल, तर जे तो स्वतः करू शकत नाही ते प्रोग्रॅमकरवी करू शकतो. नोकराला लहान चावी दिली, पण तिजोरीची चावी दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकारही दिला, तर लहान चावीचा उपयोग काय? प्रोग्रॅमला कोणती परवानगी जोडता येईल हेही नेमून द्यावे.

दुसरा धोका गिऱ्हाइकाच्या मजकुरातून येतो. एजंट जे वाचतो त्यात कोणी मुद्दाम हुकूम लिहून ठेवला, तर तो मालकाचाच हुकूम समजून पाळण्याची शक्यता असते. फॉर्ममधील "सूचना" या रकान्यात कोणीही काहीही लिहू शकतो. शिवाय एजंट जे वाचतो ते एआय कंपनीच्या संगणकाकडे जाते. गिऱ्हाइकांची नावे व फोन नंबर ही आपल्याकडील अमानत आहे. चाचणी खोट्या ऑर्डरींवरच करावी.

नोंद आणि हिशेब

कुरआनमध्ये सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीची उधारी लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिलेली नोंद वाद टाळते, हे आपल्या व्यापाराचे जुने शिक्षण आहे. क्लाउडवर क्लाउडट्रेल ही सेवा खात्यातील व्यवस्थेचे बदल कोणी व केव्हा केले याची मागील 90 दिवसांची नोंद आपोआप ठेवते. ती आठवड्यातून एकदा पाहावी. एजंटची ओळख वेगळी असेल तरच त्याचे काम आणि माणसाचे काम यांतील फरक तीत दिसेल.

खर्चाबाबत, ठरावीक रकमेवर इशारा देण्याची सोय आहे. पण इशारा म्हणजे थांबवणे नव्हे, खर्च पुढे चालूच राहतो. एका वेळी प्रोग्रॅमच्या किती प्रती चालाव्यात यालाही मर्यादा घालावी. डायनॅमोडीबीत मागील 35 दिवसांतील कोणत्याही क्षणाची स्थिती परत आणण्याची सोय आहे, पण ती आपण सुरू करावी लागते.

हे सर्व काम स्वतः न करणाऱ्या मालकाने निदान पुढील पाच प्रश्न विचारावेत :

1. एजंटची ओळख वेगळी आहे काय, आणि ती किती वेळ चालते?
2. तो काय पुसू शकतो?
3. चाचणीचे आणि चालू कामाचे कोठार वेगळे आहे काय?
4. माहिती गेली तर परत कशी आणणार, आणि ते एकदा करून पाहिले आहे काय?
5. बदल करणाऱ्या प्रत्येक आज्ञेपूर्वी तो परवानगी विचारतो काय, आणि ती वाचून कोण देतो?

समाधानकारक उत्तरे मिळाली तर या साधनाचा लाभ अवश्य घ्यावा. पूर्वी मोठ्या पेढ्यांनाच परवडणारी व्यवस्था आज लहान कारखानदारालाही मिळू शकते. उत्तरे मिळाली नाहीत तर काम आठवडाभर थांबवावे. आठवड्याच्या उशिराने धंदा बुडत नाही, पण गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा गेला तर तो परत मिळवणे कठीण असते.