थेट प्रक्षेपणाची गाडी कोणाची?

श्रोतेहो, मळणीयंत्र आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. हंगामात ते शिरड शहापूरच्या शिवारात येते, चार दिवस धडधडते आणि पुढच्या गावाला निघून जाते. प्रत्येक शेतकरी ते विकत घेत नाही. वर्षातले थोडे दिवस काम आणि बाकीचे दिवस छपराखाली उभे, असे यंत्र कोणाला परवडावे? ज्याच्याजवळ ते आहे तो भाड्याने फिरवतो आणि बाकीचे भाडे देऊन काम भागवतात. एवढा साधा हिशेब ध्यानात ठेवला म्हणजे आजचा विषय निम्मा समजला असे धरा. विषय आहे दूरचित्रवाणीच्या बाह्यप्रक्षेपणाचा आणि ते काम अंगावर घेणाऱ्या गुत्तेदारांचा.

बाह्यप्रक्षेपण म्हणजे काय? स्टुडिओत बसून कार्यक्रम न करता जिथे घटना घडते तिथूनच ती दाखवणे. पंढरपूरची आषाढीची महापूजा, दिल्लीचे २६ जानेवारीचे संचलन, क्रिकेटचा सामना ही त्याची उदाहरणे. यासाठी एक मोठी गाडी लागते, तिला धंद्यातली माणसे ‘ओबी व्हॅन’ म्हणतात. मैदानावरच्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबली या गाडीत येतात. आत दिग्दर्शकासमोर लहान लहान पडद्यांची रांग असते. तो म्हणतो, ‘दोन नंबर घ्या,’ आणि शेजारचा माणूस बटण दाबून दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र पुढे पाठवतो. एक जण आवाज सांभाळतो, एक जण सर्व कॅमेऱ्यांचा रंग व उजेड सारखा राखतो, एक जण नुकताच गेलेला क्षण पुन्हा दाखवतो. बाहेर जनित्र चालू असते, कारण वीज एक क्षण गेली तरी सारा खेळ आटोपला! थोडक्यात, हा चाकांवरचा कारखानाच होय.

ही विद्या तशी जुनी आहे. १२ मे १९३७ रोजी लंडनमध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक बीबीसीने तीन कॅमेऱ्यांनी दाखवली. आपल्याकडे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा आरंभ झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत चित्र आले. या सगळ्या काळात गाडी सरकारची, कॅमेरे सरकारचे, माणसे सरकारी पगारावरची, आणि काय दाखवायचे हे ठरवणारेही सरकारच.

हे चित्र पालटले ते एका क्रिकेट स्पर्धेमुळे. १९९३ सालच्या हिरो कपचे प्रक्षेपण बंगालच्या क्रिकेट संघटनेने एका परदेशी कंपनीकडे सोपवले. दूरदर्शनशी वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. त्यातील मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत या आपल्या मराठी न्यायाधीशांचे होते. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठी नियमांनी व्हावा, आणि तिच्यावर कोणाचीच मक्तेदारी असू नये, असे न्यायालयाने सांगितले. पुढे १९९७ साली प्रसार भारती अस्तित्वात आली. एव्हाना खाजगी वाहिन्यांचीही गर्दी होऊ लागली होती.

आता पाहा, वाहिन्या वाढल्या म्हणजे गाड्यांची गरजही वाढली. पण प्रत्येक वाहिनीने स्वतःची मोठी गाडी बाळगायची तर मळणीयंत्राचाच प्रश्न उभा राहतो. सामना नसेल त्या दिवशी गाडी उभी, आणि व्याज मात्र उभे राहत नाही. ते रात्रीसुद्धा चालते. म्हणून गाडी, कॅमेरे आणि कसबी माणसे भाड्याने देणारे गुत्तेदार पुढे आले. आज एकाच्या गाडीत या आठवड्यात क्रिकेट, पुढच्या आठवड्यात कबड्डी आणि नंतर एखादा सन्मान-सोहळा, असे चालते.

मग गुत्तेदाराची चांदीच झाली असेल, असे आपल्याला वाटेल. तसे नाही. या धंद्यातले यंत्र झिजण्याच्या आधी जुने होते. आपल्याकडे दूरचित्रवाणीचे चित्र पूर्वी ६२५ ओळींचे असे. नंतर १०८० ओळींचे ‘एचडी’ आले आणि आता २१६० ओळींचे ‘फोर-के’ आले आहे. दर पायरीला कॅमेरे, भिंगे आणि पडदे बदलावे लागतात. प्रत्यक्ष बीबीसीचे उदाहरण घ्या. ज्या संस्थेने राज्याभिषेकाची मिरवणूक दाखवली, तिनेच २००८ साली आपला बाह्यप्रक्षेपणाचा विभाग एका खाजगी कंपनीला विकला. आणि गंमत अशी की, त्या कंपनीनेही सहाच वर्षांत, २०१४ साली, हा धंदा सोडून दिला.

दुसरा बदल झाला चित्र पाठवण्याच्या वाटेत. २००७ साली मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या सुरू झाल्या आणि डोक्यावर तबकडी असलेल्या उपग्रहाच्या गाड्या जिल्ह्याच्या गावी दिसू लागल्या. हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. चित्र वर जाऊन खाली येते त्यात जवळजवळ पाव सेकंद जातो. स्टुडिओतून प्रश्न विचारल्यावर बातमीदार क्षणभर गप्प उभा राहतो तो त्यामुळे. त्याला उत्तर येत नसते म्हणून नव्हे बरे का!

आता ती गाडीही पुष्कळ ठिकाणी मागे पडली आहे. पाठीवरच्या पिशवीत मावणारे एक यंत्र निघाले आहे. त्यात मोबाईलची अनेक सिमकार्डे असतात. वसमतच्या बाजारात हळदीची पुष्कळ पोती न्यायची असली तर आपण ती चार गाड्यांत वाटून घालतो आणि बाजारात पुन्हा एकत्र रचतो. हे यंत्र चित्राचे तसेच करते. तुकडे करून वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाळ्यांतून पाठवते आणि पलीकडे ते जोडले जातात. मात्र यात एक खोट आहे. जत्रेत हजारो लोक एकाच वेळी मोबाईल काढतात, टॉवरवर ताण येतो, आणि नेमक्या आरतीच्या वेळी चित्र अडकते.

तिसरा बदल सर्वांत मोठा. आता कॅमेरे मैदानावर राहतात आणि दिग्दर्शक, भाष्यकार, बटण दाबणारा हे सारे दूर शहरातल्या इमारतीत बसतात. २०२० च्या साथीत प्रवास बंद झाले तेव्हा ही रीत झपाट्याने पसरली. खर्च वाचतो हे खरे. पण गाडीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या माणसांचे काम त्यात कमी होते, हेही खरे.

आपण म्हणाल, या मुंबई-लंडनच्या गोष्टी आम्हाला कशाला? तर ऐका. हाच धंदा लहान रूपाने आपल्या दारात आला आहे. अखंड हरिनाम सप्ताह असो, मल्लिनाथ मंदिरातला सोहळा असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, दोन-तीन कॅमेरे, एक बटणांची पेटी आणि इंटरनेट घेऊन आपलीच तरुण मुले थेट प्रक्षेपण करतात. त्यांच्यापुढचे प्रश्न मोठ्या गुत्तेदारांचेच आहेत. म्हणून कर्ज काढून कॅमेरा घेणाऱ्या मुलाला वडीलधाऱ्यांनी एवढेच विचारावे: ‘बाबा, हप्ते किती वर्षांचे आणि यंत्र चालणार किती वर्षे?’ हप्ते लांब आणि यंत्राचे आयुष्य आखूड असेल, तर चार मित्रांनी मिळून सामान घ्यावे किंवा लागेल तेव्हा भाड्याने आणावे. कसब मात्र स्वतःचे असावे. ते जुने होत नाही.

काम देणाऱ्या मंडळींनीही काही गोष्टी आधी कागदावर आणाव्यात. चित्रीकरण कोणाचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन कोणी चित्रफीत करवून घेतली तर, वेगळा करार नसल्यास, तिचा पहिला मालक करवून घेणारा असतो. पण तोंडी व्यवहारात हे कोणी सांगत नाही आणि मग मूळ चित्रीकरण मागायला गेले की वाद होतो. कीर्तनकार, गायक, शाहीर यांचाही आपल्या कलेवर हक्क आहे. १९९४ च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला. तेव्हा त्यांची संमती आधी घ्यावी. शिक्षकांना विशेष विनंती अशी, की मुलांचे चित्र जगभर दिसेल अशा ठिकाणी टाकण्यापूर्वी पालकांना विचारावे. एकदा गेलेले चित्र परत बोलावता येत नाही. आणि मोबाईलचे जाळे अडकले तर दुसरी वाट कोणती, विजेची सोय कोणाची, केबली ओढणाऱ्या पोरांची मजुरी कोण देणार, हेही त्याच कागदावर लिहावे.

गाडी सरकारची होती तेव्हा काय दाखवायचे ते दिल्ली-मुंबईत ठरत होते. आज यंत्र पिशवीत मावते आणि ते ठरवण्याची पाळी पुष्कळशी आपल्यावर आली आहे. गाडी कोणाचीही असो, आपल्या गावची आठवण ही गावचीच राहिली पाहिजे. त्यासाठी फार काही लागत नाही. काम सुरू होण्याआधी एक कागद आणि दोन सह्या पुरतात.